न्यूट्रिनो टेलिस्कोपने डार्क मॅटर शोधायचंय? सूर्यापासून सुरुवात करा

डार्क मॅटर, म्हणजे विश्वातला न दिसणारा पदार्थ, थेट दिसणार नाही, त्याची खूण शोधायची. आयडिया अशी की डार्क मॅटरचे जड कण, म्हणजे विम्प, सूर्यातून जाताना हायड्रोजनला धडकतात, वेग गमावतात, गुरुत्वाकर्षणात अडकतात आणि गाभ्यात साचत जातात, तिथे दोन विम्प भिडले की नष्ट होतात आणि त्यातून जे काय निघतं त्यातले फक्त न्यूट्रिनो, म्हणजे कशालाच सहसा न धडकणारे हलके कण, सूर्याबाहेर निसटतात. सूर्याचे नेहमीचे न्यूट्रिनो २० एमईव्ही ऊर्जेच्या आतले आणि हे जीईव्हीतले (१ जीईव्ही म्हणजे १००० एमईव्ही), त्यामुळे त्या दोघांची गल्लत होत नाही.

डेटासाठी आईसक्यूब हा न्यूट्रिनो टेलिस्कोप बघा. दक्षिण ध्रुवावर बर्फात दीड ते अडीच किलोमीटर खोल ५१६० सेन्सर आहेत. न्यूट्रिनोमुळे सुटलेला म्युऑन (इलेक्ट्रॉनसारखाच पण जड कण) बर्फातून जाताना निळसर प्रकाश टाकतो, कुठल्या सेन्सरला तो किती नॅनोसेकंद आधी लागला यावरून दिशा काढतात.

आधी खालून वर येणारे ट्रॅक, म्हणजे म्युऑनचे मार्ग, तेवढेच ठेवा. वरून वातावरणातले म्युऑन सेकंदाला दोन हजारांवर येतात, पण पृथ्वी भेदून एकही येत नाही. म्हणून सूर्य क्षितिजाखाली असतो तो मार्च ते सप्टेंबरचा काळ सोपा. तरी ध्रुवावर तो फार तर साडेतेवीस अंश खाली जातो, ट्रॅक जवळजवळ आडवे असतात आणि दिशेचा हिशोब चुकलेले वरचे म्युऑन हमखास घुसतात, इथे कट, म्हणजे डेटा गाळायच्या अटी, कडकच लावा.

मग सगळ्यात महत्त्वाचं, बॅकग्राउंड, म्हणजे विम्प नसतानाही किती नोंदी दिसतील त्याचा अंदाज. प्रत्येक इव्हेंटचा, म्हणजे नोंदीचा, अझिमथ (क्षितिजावरचा दिशाकोन) रँडम करायचा, सूर्यापासूनचा कोन परत मोजायचा, हे हजारो वेळा. सगळे कट याच विस्कटलेल्या डेटावर ठरवा, खरी दिशा अगदी शेवटी उघडा, नाहीतर नकळत आपल्याला हवं तेच दिसायला लागतं. विम्प हलका असेल तर म्युऑन न्यूट्रिनोच्या दिशेपासून बऱ्यापैकी भरकटतो, तेव्हा सूर्याभोवती कोनाची एकच ठरलेली खिडकी न धरता लाइकलीहूड वापरा, म्हणजे प्रत्येक इव्हेंट सूर्याकडून आल्याची शक्यता किती ते मोजा.

आजवर जादा काही सापडलेलं नाही, म्हणून उत्तर बहुतेक वरच्या मर्यादेचंच येईल, म्हणजे विम्पची धडक यापेक्षा जास्त वेळा होत नाही एवढंच, पण सूर्यात हायड्रोजन भरपूर असल्याने स्पिनवर (कणाच्या अंगभूत फिरकीवर) अवलंबून असलेल्या धडकेसाठी ती मर्यादा खरंच दमदार असते. आणि जादा दिसलंच तर लगेच विम्प म्हणू नका, कॉस्मिक किरण, म्हणजे अवकाशातून येणारे वेगवान कण, सूर्याच्या वातावरणावर आदळूनही जीईव्हीतले न्यूट्रिनो बनतात, तेही त्याच दिशेने येतात आणि अझिमथ विस्कटून ते पकडता येत नाहीत, तिथे एनर्जी स्पेक्ट्रमच, म्हणजे कुठल्या ऊर्जेचे किती न्यूट्रिनो आले तेच, बघावं लागतं.