वडिलोपार्जित शेत विद्यापीठाच्या निसर्गराखीवासाठी देताना

प्रथम सातबारा व आठ-अ (खातेदाराच्या जमिनींचा खातेउतारा) काढून सर्व वारसांची नोंद तपासावी, कारण एखाद्या बहिणीचे नाव राहून गेले तर पुढचे सगळेच अडते. विदर्भातील १९५८ च्या कूळवहिवाट व शेतजमीन कायद्याच्या कलम ८९ मध्ये बिगरशेतकऱ्याकडे शेतजमीन हस्तांतरित करण्यावर निर्बंध असल्याने, महसूल खात्याची पूर्वपरवानगी लागते का हे पाहून, मोजणी उरकून, दोन साक्षीदारांसह बक्षीसपत्र नोंदवावे आणि फेरफार (महसूल दप्तरी मालकीबदलाची नोंद) करून घ्यावा. जमिनीचा वापर दस्तातच स्पष्ट लिहावा.

शेतात मात्र रोपे लावण्याची घाई (हौस म्हणा हवे तर) टाळावी. धुऱ्यावरचे पळस, मोह व बोरी राखाव्यात, घाणेरी मुळासकट खणून काढावी, गाजरगवत फुलण्यापूर्वी उपटावे आणि चराई थांबवून दोन-तीन पावसाळे आपोआप काय उगवते ते नोंदवावे.