क्रेनच्या अपघातात जखमी झालात? बोटीवरच्या खलाशांनो, या चुका टाळा

माझ्या ओळखीचा एक एबी, म्हणजे डेकवरचा अनुभवी खलाशी. बोटीवर स्टोअर्सचं सामान चढवताना शॅकल, म्हणजे बोजा अडकवायची लोखंडी कडी, निसटलं आणि स्लिंगच्या दोरात बांधलेल्या बोजाखाली त्याचा उजवा पंजा आला. परदेशी बंदरातल्या दवाखान्यात प्लास्टर ओलं असतानाच इंग्रजीत टाइप केलेला कागद त्याच्यापुढे ठेवला गेला. उजवा हात बांधलेला, म्हणून त्याने डाव्या हाताने सही केली. कागदावर लिहिलं होतं, ‘ताकीद देऊनही मी बोजाखाली उभा राहिलो.’ अशी ताकीद त्याला कुणीच दिली नव्हती.

सगळ्यात महागात पडते ती हीच चूक. एमएलसी, म्हणजे २००६ चा सागरी कामगार करार, भारताने २०१५ मध्ये स्वीकारला. त्यानुसार जखमी खलाशाची जबाबदारी मालकाला तीनच कारणांनी टाळता येते: इजा बोटीच्या कामाबाहेर झाली, खलाशाने जाणूनबुजून गैरवर्तन केलं, किंवा भरतीच्या वेळी आजार मुद्दाम लपवला. साधी चूक, घाईत झालेलं दुर्लक्ष यांत बसत नाही. ‘ताकीद देऊनही’ हे दोन शब्द मात्र साध्या चुकीला गैरवर्तनाचं रूप देतात. म्हणून जबाब स्वतःच्या शब्दांत द्या. इंग्रजी जमत नसेल तर मराठीत किंवा हिंदीत लिहा आणि खाली तारीख-वेळ टाका. वेदनाशामक इंजेक्शनच्या गुंगीत सही करायची नाही, कॅप्टन समोर उभा असला तरी नाही.

दुसरी चूक तुटलेल्या वायरची, म्हणजे क्रेनच्या पोलादी तारांच्या दोराची. अपघातानंतर डेक लगेच साफ होतो, वायर बदलली जाते आणि जुना तुकडा दिसेनासा होतो. तुम्ही पडलेले असाल तर सोबत्याला सांगा, तुटलेल्या टोकाचा जवळून फोटो काढ. टोक उकललं की आतल्या तारा दिसतात. त्या गंजून लाल झाल्या असतील, वंगणाचा मागमूस नसेल, तर देखभालीत कसूर झाल्याचा तो मोठा पुरावा आहे. बंदरातल्या सुरक्षिततेबद्दल आयएलओची, म्हणजे आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेची, संहिता सांगते, की दोराच्या व्यासाच्या दहापट लांबीत दिसणाऱ्या तुटक्या तारा एकूण तारांच्या ५ टक्क्यांवर गेल्या की तो दोर बाद. फोटोवरून त्या मोजता येतात. हुक, शॅकल, त्यावर कोरलेला एसडब्ल्यूएल, म्हणजे सुरक्षितपणे उचलता येणारं वजन, आणि क्रेनच्या बूमवर, म्हणजे लांब हातावर, लिहिलेला वजनाचा आकडा यांचेही फोटो हवेत. चेन रजिस्टरची, म्हणजे क्रेन आणि तिच्या सामानाच्या तपासण्यांच्या नोंदवहीची, पानंही विसरू नका. आयएलओच्या १५२ क्रमांकाच्या करारानुसार क्रेनची संपूर्ण तपासणी किमान १२ महिन्यांतून एकदा आणि भारचाचणी किमान ५ वर्षांतून एकदा झालेली असली पाहिजे. १ जानेवारी २०२६ पासून सोलास या समुद्रावरच्या सुरक्षिततेच्या आंतरराष्ट्रीय करारातही बोटीवरच्या क्रेन आणि सुट्या सामानासाठी वेगळा नियम लागू झाला आहे.

आपली पोरं दुखणं लपवतात, याचं मला फार वाईट वाटतं. पुढचं कॉन्ट्रॅक्ट जाईल या भीतीने ‘थोडं मुरगळलंय’ म्हणतात आणि साइन ऑफच्या, म्हणजे बोट सोडतानाच्या, कागदावर ‘फिट’पुढे सही करतात. तीन महिन्यांनी घरी खांदा उचलत नाही, तेव्हा बोटीवरच्या नोंदीत काहीच सापडत नाही. इजा किरकोळ वाटली तरी लॉग बुकात नोंद करून घ्या आणि परदेशी दवाखान्याचे सगळे कागद स्वतःकडे ठेवा.

‘बोटीवरून उतरलो, आता पगार बंद’ हाही गैरसमज आहे. बोटीवर असेपर्यंत किंवा घरी पोचेपर्यंत पूर्ण पगार मिळायला हवा. त्यानंतरचा पगार आणि उपचाराचा खर्च यांना देशाचा कायदा मुदत घालू शकतो, पण ती इजेच्या दिवसापासून १६ आठवड्यांपेक्षा कमी असू शकत नाही.

अपंगत्वाच्या टक्क्यांवर पटकन मान डोलावू नका. दोन बोटं गेली तर डॉक्टर टक्के कमी लिहील, पण त्या हाताने पुन्हा वायर ओढता येणार आहे का? अनेक युनियन करारांत ५० टक्क्यांहून कमी अपंगत्व असलेला, पण समुद्रावरच्या कामाला कायमचा अयोग्य ठरलेला खलाशी पूर्ण भरपाईला पात्र असतो. दोन डॉक्टरांचं मत जुळलं नाही तर तिसऱ्याकडे जाण्याची सोयही बऱ्याच करारांत असते. म्हणून नोकरीचा करार आणि युनियनचा करार या दोन्हींची प्रत घरच्यांकडे असू द्या.

पैसे हातात पडतानाही जपा. करारात ठरलेल्या रकमेपेक्षा कमी घेण्यासाठी दबाव आणायला एमएलसीत मनाई आहे. अपंगत्व किती हे लगेच ठरत नसेल तर मधल्या काळात अंतरिम रक्कम द्यावी लागते. एमएलसीच्या नमुना पावतीत, मालकाच्या निष्काळजीपणाबद्दल कायद्याने दाद मागण्याचा हक्क राखून रक्कम स्वीकारत आहे, अशा अर्थाचं वाक्य आहे. तुमच्या पावतीत ते नसून ‘आता काही मागणी नाही’ असं लिहिलेलं असेल, तर आधी युनियनला किंवा वकिलाला दाखवा.

एक चूक अपघाताच्या कितीतरी आधी, भरतीच्या वेळीच होते. आरपीएसएल, म्हणजे खलाशी भरतीचा सरकारी परवाना, नसलेल्या एजंटाला पैसे देऊन बोट धरली, तर पुढे जाब विचारायला इथे कुणीच उरत नाही. परवाना क्रमांक डीजी शिपिंग या केंद्र सरकारच्या नौवहन खात्याच्या संकेतस्थळावर तपासता येतो.

आणि बोटीवर चढलात की पहिल्याच दिवशी मेसरूमजवळच्या फलकावर, किंवा जिथे लावलं असेल तिथे, विम्याचं प्रमाणपत्र शोधा. विमा कंपनीचं नाव-पत्ता त्यावर असतो. २०१७ पासून ते सगळ्यांना दिसेल असं लावणं बंधनकारक आहे, आणि भरपाईचा दावा खलाशी किंवा त्याचे वारस त्या विमा कंपनीकडे थेट करू शकतात. त्याचा फोटो काढून त्याच दिवशी घरी पाठवा.