थीम पार्कजवळचं हॉटेल: दारापासून गेटपर्यंतचं चालणं कसं मोजावं

बुकिंगच्या पानावर ‘पार्कपासून 0.4 मैल’ असं लिहिलेलं असतं. हा आकडा बहुतेक वेळा सरळ रेषेतला असतो: हॉटेलचा ठिपका, पार्कचा ठिपका आणि मध्ये पट्टी. मधल्या महामार्गाशी, तळ्याशी, कुंपणाशी त्या पट्टीला काही देणंघेणं नसतं. त्यात पार्कचा ठिपका पार्कच्या पोटात कुठेतरी असतो आणि आत शिरायचं दार भलत्याच बाजूला. आजी-आजोबा आणि पाच वर्षांचं पोर घेऊन दिवसातून चार वेळा ते अंतर कापायचं असेल, तर पैसे भरण्याआधी ते स्वतः मोजून घ्यावं. घरबसल्या, संगणकावर, एका हॉटेलला पंधरा मिनिटं पुरतात.

उदाहरणासाठी कॅलिफोर्नियातल्या ॲनाहाइमचं डिस्नेलँड घेऊ. अमेरिकेत मुलांकडे गेलेले आई-वडील आणि नातवंडं असा गोतावळा तिथे हमखास जातो. शिवाय तिथे चालत जाण्याजोगी हॉटेलं इतकी आहेत की तुलना करावीच लागते.

आधी शेवटचं टोक पक्कं करा

नकाशात नुसतं ‘डिस्नेलँड’ टाकू नका. पार्कचा टपालाचा पत्ता टाकला तरी पिन गेटवर पडेलच असं नाही. सॅटेलाइट चित्र उघडा आणि तिकीट तपासणीची फिरती दारं शोधा. ॲनाहाइममध्ये दोन पार्कं आहेत: 1955 साली उघडलेलं डिस्नेलँड आणि 2001 मधलं कॅलिफोर्निया ॲडव्हेंचर. दोन्हींची दारं एकाच मोकळ्या चौकात समोरासमोर आहेत, एक उत्तरेला आणि एक दक्षिणेला. त्या चौकाच्या मधोमध बोट दाबून धरा, पिन टाका आणि तिला नाव देऊन ठेवा. पुढची सगळी मोजमापं याच पिनपर्यंत करायची.

ॲनाहाइमला एका पिनमध्ये काम भागतं. फ्लोरिडात ऑरलँडोजवळच्या वॉल्ट डिस्ने वर्ल्डमध्ये ते चालत नाही. तो परिसर सुमारे 100 चौरस किलोमीटरचा, म्हणजे कुलाब्यापासून माहीम-सायनपर्यंतच्या मुंबईपेक्षा मोठा. पार्कं चार, आणि प्रत्येकासाठी वेगळी पिन लागते. त्यातल्या एपकॉटला तर दोन दारं आहेत. मोठ्या चंदेरी गोळ्याजवळचं पुढचं दार सगळ्यांना माहीत असतं. मागचं दार फ्रान्स आणि इंग्लंडच्या दालनांच्या मध्ये आहे आणि बीच क्लब, यॉट क्लब, बोर्डवॉक ही हॉटेलं त्याच्या बाजूला येतात. बीच क्लबपासून मागच्या दाराशी पाचेक मिनिटांत पोचता येतं. हेच अंतर पुढच्या दाराच्या पिनपर्यंत मोजलंत, तर चांगलं हॉटेल यादीतून उगाच बाद होईल.

त्याच चारांतल्या मॅजिक किंगडम पार्कची गोची वेगळीच. गाडीने येणाऱ्यांचा वाहनतळ तळ्याच्या या काठाला आणि पार्क पलीकडच्या काठाला. तिथून पुढे बोटीने किंवा मोनोरेलने जावं लागतं. पिन चुकून वाहनतळावर पडली, तर सगळा हिशोब चुकला.

सुरुवात खोलीच्या दारापासून

हॉटेलची पिन साधारणपणे स्वागतकक्षावर असते आणि तुम्ही झोपणार मागच्या इमारतीत. ॲनाहाइमच्या हार्बर बुलेवार्डवरची बरीच मोटेलं रस्त्याला तोंड करून असली, तरी खोल्यांच्या रांगा आत लांबवर गेलेल्या असतात. रस्त्यालगतची खोली आणि शेवटची खोली यात शंभर-सव्वाशे मीटरचा फरक सहज पडतो. मोठ्या हॉटेलांत हा फरक आणखी वाढतो. पॅरिसच्या डिस्नेलँडमधल्या न्यूपोर्ट बे क्लबला हजाराहून जास्त खोल्या आहेत. तिथे नुसत्या कॉरिडॉरमधून लिफ्टपर्यंत जाणं हाच एक फेरफटका होतो.

म्हणून दोन आकडे काढा: सगळ्यात जवळच्या इमारतीपासून आणि सगळ्यात लांबच्या. तुलना लांबच्या आकड्यावर करा, कारण खोली कुठली मिळेल ते तुमच्या हातात नसतं.

आता रेघ ओढा

गूगल मॅप्समध्ये संगणकावर सुरुवातीच्या जागी उजवं क्लिक करा आणि ‘अंतर मोजा’ निवडा. मग फूटपाथने चालत असल्यासारखं प्रत्येक वळणावर एकेक क्लिक करत पिनपर्यंत या. मोबाइलवर बोट दाबून पिन टाकली की खालच्या पट्टीत हाच पर्याय मिळतो. चालण्याचा मार्ग ॲपलाच विचारला तरी चालेल, पण दोन्ही आकडे शेजारी ठेवून बघा. ॲप कधी कधी सामान्य माणसाला बंद असलेल्या कर्मचाऱ्यांच्या रस्त्यावरून नेतं, तर कधी हॉटेल आणि फूटपाथ यांच्यामधली छोटी पायवाट त्याला दिसतच नाही. दोन आकड्यांत दीडशे मीटरहून जास्त तफावत आली, तर कुठेतरी घोळ आहे असं समजा आणि रेघ पुन्हा ओढा.

मैलात आकडा आला तर 0.1 मैल म्हणजे 160 मीटर.

इथे ॲनाहाइममधली गंमत उघड होते. हार्बर बुलेवार्ड पार्कच्या पूर्वेला आहे आणि पादचाऱ्यांचं पूर्वेकडचं प्रवेशद्वार थेट त्या रस्त्यावर उघडतं. समोरच्या बाजूला, सिग्नलच्या तोंडाशी बेस्ट वेस्टर्न प्लस पार्क प्लेस इन आहे. रस्ता ओलांडला की तिथून फिरत्या दारांपर्यंत साधारण पाच-सहा मिनिटं. याउलट डिस्नेचंच डिस्नेलँड हॉटेल पश्चिमेला, डाउनटाउन डिस्ने या बाजारपेठेच्या पलीकडच्या टोकाला आहे. तिथून चालत दहा-बारा मिनिटं लागतात. म्हणजे नावात डिस्नेलँड असलेलं महागडं हॉटेल समोरच्या मोटेलपेक्षा दुप्पट लांब! जास्त पैशांत तिथे बाकी बरंच काही मिळतं, जवळीक मात्र मिळत नाही.

ग्रँड कॅलिफोर्नियन हॉटेलाला थेट कॅलिफोर्निया ॲडव्हेंचरमध्ये उघडणारं स्वतःचं दार आहे. पूर्वी पॅराडाइज पिअर म्हणवणाऱ्या आणि 2024 पासून पिक्सार प्लेस झालेल्या हॉटेलाच्या पाहुण्यांनाही रस्ता ओलांडून त्याच पार्कात जाता येतं. पण ही दोन्ही दारं कॅलिफोर्निया ॲडव्हेंचरची आहेत. सकाळी डिस्नेलँडला जायचं असेल तर चौकापर्यंतची पायपीट आहेच. डाउनटाउन डिस्नेमधून मोनोरेल थेट डिस्नेलँडच्या आत, टुमॉरोलँड या विभागात सोडते, पण चढतानाच पार्कचं तिकीट लागतं आणि ती कधी कधी बंदही असते. पूर्ण बेत तिच्या भरवशावर आखू नये.

रेघेवरचा रस्ता डोळ्यांनी बघा

स्ट्रीट व्ह्यू उघडून त्या रेघेवरून एक चक्कर मारा. फूटपाथ सलग आहे का, कुठे पायऱ्या आहेत का, किती मोठे रस्ते ओलांडायचे, रात्री दिवे असतील का, हे बघायचं. अमेरिकेतले हे रस्ते सहा-सात पदरी असतात. पादचाऱ्यांसाठी खांबावरचं बटण दाबावं लागतं. ते दाबलं नाही तर काही चौकांत पादचाऱ्यांचा दिवा लागतच नाही आणि सिग्नलची एक अख्खी फेरी वाया जाते.

हार्बर बुलेवार्डवर आणखी एक सोय आहे. तिथले दारावरचे क्रमांक उत्तरेकडून दक्षिणेकडे वाढत जातात आणि पादचाऱ्यांचं प्रवेशद्वार साधारण 1500 ते 1600 यांच्या मध्यावर येतं. हॉटेलचा क्रमांक त्याच्या जितका जवळ, तितकं हॉटेल जवळ. पत्ता वाचूनच पहिली चाळण लावता येते. याच हॉटेलांच्या मागून पाच क्रमांकाचा आंतरराज्य महामार्ग तिरका जातो. त्याच्या पलीकडचं हॉटेल नकाशावर चिकटलेलं दिसतं, पण महामार्ग ओलांडायला ठरावीक रस्त्यांपर्यंत वळसा घालावा लागतो.

ऑरलँडोमध्ये याहून वाईट सापळा आहे. ॲनिमल किंगडम लॉज हे हॉटेल त्याच नावाच्या पार्कला जवळ वाटतं, पण तिथून चालत जायला वाटच नाही, बसनेच जावं लागतं. आणि जवळच्या किसिमीमध्ये नावातच ‘मेनगेट’ असलेली हॉटेलं कुठल्याही गेटपासून मैलोगणती लांब असतात. नावावर भाळू नका.

मीटरची मिनिटं करा

जपानमध्ये घरांच्या जाहिरातींत स्टेशनपर्यंतचं चालणं 80 मीटरला एक मिनिट या नियमाने लिहितात आणि सिग्नलवर थांबण्याचा वेळ धरत नाहीत. धडधाकट, हात मोकळे असलेल्या माणसाला हा वेग ठीक आहे. बाबागाडी आणि पाच-सहा वर्षांचं मूल बरोबर असेल तर मिनिटाला 60 मीटर धरा. गुडघे दुखणारे आजोबा असतील तर 45 ते 50. घोळक्याचा वेग सगळ्यात सावकाश चालणाऱ्याचा असतो, सरासरी काढू नका.

त्यात मोठ्या सिग्नलला दीड मिनिट मिळवा. लिफ्ट आणि कॉरिडॉरसाठी तीन मिनिटं.

समजा, पहिलं हॉटेल 450 मीटरवर आहे आणि वाटेत एक सिग्नल. आजोबांच्या 50 मीटरच्या वेगाने 9 मिनिटं, सिग्नलचं दीड, लिफ्टचे तीन: साडेतेरा मिनिटं. दुसरं 1,100 मीटरवर, तीन सिग्नल: 22, साडेचार आणि तीन मिळून साडेएकोणतीस. एका फेरीत फरक 16 मिनिटांचा. दुपारी झोपायला हॉटेलवर यायचं असेल तर दिवसाला चार फेऱ्या, म्हणजे एक तास आणि चार मिनिटं, आणि पायांवर 2.6 किलोमीटर जास्तीचे. हे सगळं पार्काच्या आत दिवसभर चालून झालेलं असताना. दुपारी परत यायचं नसेल तर फेऱ्या दोनच, आणि मग लांबचं हॉटेलही परवडतं. दिवस कसा घालवणार ते आधी ठरवा, मग आकड्यांकडे बघा.

सुरक्षा तपासणीचा वेळ या बेरजेत घालू नका, पण ती वाटेत कुठे येते ते लिहून ठेवा. ॲनाहाइममध्ये ती चौकाच्या अलीकडे, पूर्वेला वेगळी आणि पश्चिमेला वेगळी आहे. सकाळी पार्क उघडायच्या सुमाराला रांग लागते आणि जवळच्या हॉटेलचा फायदा तिथेच विरघळतो. तपासणीच्या रांगेत असाल तेव्हा तुम्ही पोचलेले नसता.

बस आहे म्हणून लांबचं घ्यावं का?

पॅरिसकडे बघा. डिस्नेलँड पॅरिस आपल्या हॉटेलांची चालण्याची मिनिटं स्वतःच सांगतं: हॉटेल न्यूयॉर्क 10, न्यूपोर्ट बे आणि सेक्वोया लॉज 15, शायेन आणि सांता फे 20. ही मिनिटं एकट्या प्रौढाची समजा आणि वरच्या वेगाने वाढवा. तिथलं डिस्नेलँड हॉटेल तर पार्कच्या दारावरच बांधलेलं आहे. डेव्ही क्रॉकेट रँचला मात्र स्वतःची गाडीच लागते. बाकीच्यांना फुकट बस आहे, ती मार्न-ला-व्हॅले स्टेशनजवळ सोडते आणि तिथून पार्क दोन पावलांवर.

बसचा हिशोब असा: थांब्यापर्यंत चालणं, बसची वाट, प्रवास, उतरून गेटपर्यंत चालणं. सकाळी ही बेरीज बहुधा चालण्याइतकीच होते. रात्री आतषबाजी संपल्यावर सगळं पार्क एकदम थांब्यावर येतं आणि तेव्हा पायी गेलेला माणूस आधी पोचतो. पंधरा मिनिटांपर्यंत चालणं असेल तर बसचा विचार सोडून द्या. वीस मिनिटांच्या पुढे, आणि बरोबर वयस्क माणसं असतील, तर बस हवीच. सहल कंपनीने पॅरिसच्या पार्टनर हॉटेलात (डिस्नेचं स्वतःचं नसलेल्या, पण तिच्याशी जोडलेल्या) उतरवलं असेल, तर शेवटची बस किती वाजता सुटते हे आधी विचारा. रात्रीचा कार्यक्रम त्यानंतर संपत असेल तर टॅक्सीचे पैसे बाजूला काढा.

आपल्याकडे खोपोलीच्या इमॅजिकाला हे गणित लागतच नाही, तिथलं हॉटेल पार्कच्या लगत आहे.

बाबागाडीची मेख

हे बऱ्याच जणांच्या डोक्यात येत नाही. अमेरिकेतल्या डिस्ने पार्कांत भाड्याने मिळणारी बाबागाडी पार्काबाहेर हॉटेलवर नेता येत नाही. रात्री अकराला झोपलेलं पोर खांद्यावर घेऊन ते 1,100 मीटर चालायचं असतं. त्यामुळे लांबच्या हॉटेलला उतरणार असाल तर घरून नेलेली किंवा बाहेरच्या दुकानातून भाड्याने घेतलेली गाडी वापरा. तिची रुंदी 31 इंचांच्या आणि लांबी 52 इंचांच्या आत हवी, आणि ओढून न्यायच्या वॅगनला परवानगी नाही. आजीसाठी चाकांची खुर्ची पार्कातून घेणार असाल, तर गेटपर्यंत आजी कशी येणार हा प्रश्न आधी सोडवा.

पैसे आणि निर्णय

शेवटी दोन हॉटेलांतला रोजच्या भाड्याचा फरक घ्या आणि वाचणाऱ्या मिनिटांनी भागा. वरच्या उदाहरणात जवळचं हॉटेल रात्रीला 40 डॉलरने महाग असेल, तर दिवसाला वाचणाऱ्या 64 मिनिटांचे ते 40 डॉलर. चौघांत वाटले तर माणशी 10. गाडी असेल तर हॉटेलचं पार्किंग शुल्कही भाड्यात मिळवा, अनेकदा स्वस्त हॉटेल तिथेच महाग पडतं.

बुकिंग झालं की हॉटेलला चार ओळींचा ईमेल टाका: कुटुंबात वयस्क आहेत, पार्कच्या बाजूच्या रस्त्याजवळच्या इमारतीत, लिफ्टपासून जवळची खोली द्यावी. मागच्या बाजूने फूटपाथवर उघडणारं फाटक आहे का आणि ते रात्री किती वाजता बंद होतं, हेही त्याच ईमेलमध्ये विचारून घ्या.