जर्मनीत नव्याने आलेल्या मुलांना मदत करताना या चुका टाळा

ऑक्टोबरमध्ये विमानतळावर न्यायला चार-चार जण जातात. नोव्हेंबर संपता संपता त्याच मुलाचं दार वाजवायला कोणी नसतं. आमच्या शहरात विद्यापीठात शिकायला मराठी मुलांच्या बऱ्याच बॅचेस येताना पाहिल्या. मदतीचा उत्साह दरवर्षी असतो, पण तो सगळा पहिल्या आठवड्यातच आपण उडवून टाकतो.

सगळं आपणच करून देणं

सिमकार्ड, बँक, विमा, सगळं सीनियरने मोबाइलवर भरायचं आणि नव्या पोराने मान डोलवायची. पुढे पत्रपेटीत जर्मन पत्रं येऊ लागतात आणि त्याला कळत नाही कशाची ती. एकाच्या टेबलावर मी न उघडलेली अकरा पाकिटं मोजली, वर मेतकुटाची बरणी ठेवलेली. बरीचशी विम्याची होती. तीन रेडिओ-टीव्हीच्या वर्गणीची. ही वर्गणी घरटी महिना १८.३६ युरो, घरात टीव्ही नसला तरी. "माझ्याकडे टीव्हीच नाही, म्हणून जाहिरात समजलो," असं त्याचं म्हणणं. पत्र वाचून अर्थ सांगू नका. शेजारी बसा, त्यालाच मोबाइलवर भाषांतर करू द्या, उत्तरही त्यालाच लिहू द्या.

"ये, माझ्या सोफ्यावर झोप" म्हणणं

मन मोठं, पण आधी घरमालकाला विचारा. राहायला गेल्यापासून दोन आठवड्यांत पत्ता नोंदवायचा असतो, तीच ती अनमेल्डुंग. तिला मालकाच्या सहीचा कागद लागतो. सही नाही म्हणून नोंदणी नाही, नोंदणी नाही म्हणून टॅक्स नंबर नाही, आणि पुढे रेसिडेन्स परमिटचं कामही लटकतं. सही मिळणार नसेल तर सोफा चार दिवसांपुरताच, हे मुलगा भारतातून निघण्याआधीच स्पष्ट सांगा.

घरच्यांच्या चुका

साजूक तूप आणि पेढे बॅगेत कोंबू नका. युरोपबाहेरून दुधाचे पदार्थ आणायला बंदी आहे, कस्टम्सवाले काढून घेतात. भाजणी, मसाले चालतात.

पैशांची चूक याहून महाग पडते. व्हिसासाठी ब्लॉक्ड अकाउंटमध्ये वर्षाचे ११,९०४ युरो दाखवावे लागतात, दरमहा ९९२ मोकळे होतात. काही घरांत ही रक्कम काकांकडून "दाखवण्यापुरती" उसनी घेतात आणि महिन्याला परत फेडायला लावतात. मग मुलगा जगणार कशावर? अर्धवेळ कामावर. कायद्याने वर्षाला १४० पूर्ण दिवस काम करता येतं, पण रात्री गोदामात पेट्या उचलून सकाळच्या लेक्चरला कोण जागं राहणार?

हजेरी नाही म्हणजे सगळं ठीक, असं समजणं

ही चूक मला सगळ्यात भारी वाटते. इथे बऱ्याच लेक्चर्सना हजेरी घेत नाहीत. मूल महिनाभर खोलीतून बाहेर पडलं नाही तरी विद्यापीठातून कोणी फोन करत नाही. परीक्षेसाठी पोर्टलवर वेगळी नोंदणी लागते आणि तिची मुदत गेली की गेली. बहुतेक ठिकाणी एका विषयाला दोन किंवा तीनच संधी. आपली एटीकेटी इथे कामाची नाही. म्हणून सीनियर्सनो, डिसेंबरमध्ये त्याला घरी जेवायला बोलवा आणि लॅपटॉप सोबत आणायला सांगा. नोंदणी झालीय का, ते तुमच्या समोर उघडून दाखवू दे. मन फारच खचलेलं दिसलं तर श्टुडिरेंडेनवेर्क, म्हणजे विद्यार्थ्यांना मदत करणारी संस्था, तिच्या समुपदेशन केंद्रात जा. नुसता पत्ता पाठवून भागत नाही, पहिल्या वेळी दारापर्यंत सोबत जा.

आणि आई-बाबांनो, ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी तिथलं घड्याळ बदलतं. वेळेचा फरक साडेतीनवरून साडेचार तासांवर जातो. तुमचा रात्री नऊचा फोन त्याला दुपारी साडेचारला येतो, डिसेंबरात बाहेर अंधार पडलेला असतो. "जेवलास का?" याला उत्तर "हो"च येतं. त्यापेक्षा फोन ओट्यावर ठेवायला सांगा, तो कांदा चिरत असताना गप्पा मारा. घरात कांदा आहे की नाही, तेही कळतं.