ऑपरेशनचा कोड हेडिंग बघून टाकू नका

जळगाव-धुळ्यात घरी बसून अमेरिकेतल्या दवाखान्यांची बिलं कोड करणाऱ्या (म्हणजे प्रत्येक ऑपरेशनला बिलासाठी ठरलेला आकडा लावणाऱ्या) नव्या पोरापोरींना माझं एकच सांगणं: ऑपरेशन नोट शेवटपर्यंत वाचा. वर ‘लॅप कोली’ (दुर्बिणीतून पित्ताशय काढणं) दिसलं की हात आपोआप ४७५६२ कडे जातो. खाली मात्र सर्जनने पित्तनलिकेत डाय सोडून एक्स-रे काढलेला असतो. मग कोड ४७५६३. आणि मध्येच पोट उघडावं लागलं, एक्स-रे नसेल, तर फक्त ४७६००. सोबत दुर्बिणीचा कोड लावायचा नाही. माझा पहिला विम्याचा क्लेम यातच परत आला होता. पहाटे चारला, भरीत-भाकरीचा डबा उघडताना कळलं.

अपेंडिक्स सोपं. दुर्बिणीतून काढलं की ४४९७०, फुटलेलं असलं तरी तोच.

खरी गोची हर्नियाची. २०२३ पासून पोटाच्या पुढच्या भिंतीच्या हर्नियाला भोकाची एकूण लांबी बघतात: ३ सेंमीपेक्षा कमी, ३ ते १०, की १० पेक्षा जास्त. शिवाय पहिल्यांदाचा की पुन्हा झालेला, आत जाणारा की अडकलेला. जाळी बसवल्याचा वेगळा कोड नाही. (जांघेतल्या हर्नियाचे कोड निराळे, तिथे हे माप लावू नका.) नोटमध्ये सेंटिमीटर नसतील तर अंदाज नको, सरळ सर्जनला क्वेरी टाका.