ऑनलाइन लिलावातून इलेक्ट्रॉनिक वस्तू घेताना फसवणूक कशी ओळखावी व कशी टाळावी

ऑनलाइन लिलावाविषयी सगळीकडे मिळणारा सल्ला दोन वाक्यांत संपतो : किंमत अवास्तव कमी असेल तर घेऊ नका आणि विक्रेत्याचे अभिप्राय चांगले आहेत ना, ते पाहा. मी कित्येक वर्षे लॅपटॉप, कॅमेरे, ग्राफिक्स कार्डे आणि हार्ड डिस्क लिलावातूनच घेत आले आहे, आणि या दोन वाक्यांच्या भरवशावर राहून फसलेली माणसे मी जवळून पाहिली आहेत. लिलावात बोली खालूनच सुरू होते, त्यामुळे शेवटच्या तासापर्यंत किंमत कमी दिसणे हे फसवणुकीचे लक्षण ठरतच नाही. शिवाय मुरलेला भामटा थेट खरेदीची किंमत ठेवतो तेव्हा ती बाजारभावापेक्षा जेमतेमच कमी ठेवतो, कारण फार स्वस्त वस्तूकडे लोक संशयाने पाहतात हे त्यालाही पक्के ठाऊक असते. अभिप्रायांच्या बाबतीत तर माझेच हात पोळले आहेत, म्हणून या लेखाचा मोठा भाग त्यांनाच दिला आहे.

१. वर्णन शेवटच्या ओळीपर्यंत वाचा

शीर्षक आणि पहिले छायाचित्र पाहून बोली लावणाऱ्यांच्या जिवावरच एक सबंध प्रकारची फसवणूक चालते. २०२०च्या नोव्हेंबरात प्लेस्टेशन ५ बाजारात आला आणि दुकानांत मिळेनासा झाला, तेव्हा ईबे या लिलावाच्या साइटवर त्या यंत्राची नुसती छायाचित्रे लिलावात मांडली गेली होती. वर्णनात खाली कुठेतरी ‘हे केवळ छायाचित्र आहे’ असे लिहिलेले असे, आणि घाईतली माणसे तरीही बोली वाढवत राहत. ‘केवळ खोका’, ‘सुट्या भागांसाठी’, ‘जशी आहे तशी’ हे शब्द शोधूनच पुढे जावे. ‘चाचणी केलेली नाही’ या शब्दांबद्दल माझे मत ठाम आहे : ज्याच्याकडे वस्तू आहे आणि भिंतीत विजेचे बटण आहे, त्याने ती चालू करून पाहिलेलीच असते, त्यामुळे अशी वस्तू बंद आहे असे धरूनच तिची किंमत ठरवावी.

छायाचित्रे गूगल लेन्स किंवा टिनआय यांसारख्या साधनांतून शोधून पाहावीत, म्हणजे ती दुसरीकडून उचललेली असल्यास बहुधा लगेच कळते. त्यानंतर विक्रेत्याला एक नेमके छायाचित्र मागावे. लॅपटॉप असेल तर बॅटरी किती वेळा चार्ज झाली तो आकडा दाखवणारा पडदा आणि त्याच्या शेजारी आजची तारीख लिहिलेला कागद, अशी मागणी मी करते. ज्याच्या हातात वस्तू आहे त्याला हे दोन मिनिटांचे काम आहे, आणि जो त्यावर चार परिच्छेदांचे स्पष्टीकरण पाठवतो त्याच्या वाटेला मी जात नाही.

२. विक्रेत्याचा इतिहास वाचा

काही वर्षांपूर्वी मी एका लॅपटॉपवर बोली जिंकली. विक्रेत्याचे अभिप्राय चारशेच्या वर होते आणि त्यांतले १०० टक्के अनुकूल होते. पैसे साइटवरूनच दिले, तिसऱ्या दिवशी ट्रॅकिंग क्रमांक आला आणि सहाव्या दिवशी ‘पार्सल पोहोचले’ अशी नोंद झाली. माझ्या दारात मात्र काहीच आले नव्हते. मी तक्रार केली, तर ट्रॅकिंगमध्ये पार्सल पोहोचल्याचे दिसते एवढ्या आधारावर ती दोन दिवसांत बंद झाली.

शेवटी मी कुरिअरच्या कार्यालयात जाऊन बसले आणि त्या पार्सलची मूळ नोंद मागितली. पार्सल माझ्याच पिनकोडच्या हद्दीत, पण भलत्याच पत्त्यावर आणि भलत्याच नावाने पोहोचवले होते, आणि त्याचे वजन पत्राच्या पाकिटाएवढे होते. लॅपटॉपचे वजन काही ग्रॅम असू शकत नाही. पत्ता आणि वजन या दोन्हींची नोंद असलेले लेखी पत्र घेऊन मी पुन्हा दाद मागितली, तेव्हा कुठे पैसे परत मिळाले. साइटवर पुष्कळदा फक्त गाव आणि पिनकोड दिसतो, घराचा पत्ता दिसत नाही, आणि ही फसवणूक नेमक्या याच फटीतून चालते. वस्तू न येताच ‘पोहोचले’ असे दिसले तर विक्रेत्याशी वाद घालत बसू नये. त्याच दिवशी कुरिअरकडून पत्ता आणि वजन लेखी मिळवावे.

पैसे परत आल्यावर मी त्या खात्याचा इतिहास पहिल्यांदाच नीट वाचला, आणि वाचता वाचता मला स्वतःचाच राग आला. चारशे अभिप्रायांपैकी बहुतेक सगळे त्या माणसाला ग्राहक म्हणून मिळाले होते : मोबाइलची कव्हरे, चार्जिंगच्या तारा, स्क्रीनच्या काचा. त्यानंतर जवळजवळ दोन वर्षे खाते निपचित पडून होते, आणि मग एकाच आठवड्यात त्यावर अकरा लॅपटॉप विक्रीला लागले होते. खऱ्या मालकाचा पासवर्ड कोणीतरी चोरला होता आणि मालकाने वर्षानुवर्षांत कमावलेली पत उधळायला काढली होती.

तेव्हापासून मी एकूण आकडा आणि टक्केवारी विचारात घेत नाही. ईबेवर २००८पासून विक्रेत्याला ग्राहकाविषयी प्रतिकूल अभिप्राय देताच येत नाही, त्यामुळे ग्राहक म्हणून मिळालेल्या अभिप्रायांवरून त्या माणसाच्या सचोटीविषयी काहीही कळत नाही. टक्केवारीही तेथे मागच्या १२ महिन्यांपुरतीच काढली जाते, म्हणजे त्याआधीची नाराजी तिच्यात दिसत नाही. म्हणून अभिप्रायांच्या यादीत फक्त विक्रेता म्हणून मिळालेले अभिप्राय निवडावेत आणि प्रत्येकाची तारीख व वस्तू वाचावी. तुम्ही घेत असलेल्या वस्तूच्या तोडीच्या वस्तू या माणसाने आधी विकल्या आहेत का, हा माझा पहिला प्रश्न असतो. शंभर स्टिकर विकणाऱ्याला कॅमेऱ्याचा विक्रेता मानायला मी तयार नाही. दोन व्यवहारांमध्ये मोठा खंड आहे का, त्या खंडानंतर मालाचा प्रकार, लिहिण्याची धाटणी किंवा माल पाठवण्याचे ठिकाण एकदम बदलले आहे का, हेही पाहावे. यांतली एखादी गोष्ट योगायोगाने घडू शकते, पण दोन एकत्र दिसल्या की मी तो लिलाव सोडून देते, मग वस्तू कितीही हवीशी असो.

आणखी एका गोष्टीला मी फार उशिरा वजन देऊ लागले, ती म्हणजे माल पाठवण्याची मुदत. चोरलेल्या खात्यावर पहिला प्रतिकूल अभिप्राय येईपर्यंतच भामट्याचा धंदा चालतो, त्यामुळे ‘वस्तू तीन आठवड्यांत पोहोचेल’ अशी लांबलचक मुदत टाकण्यात त्याचा फायदा असतो. तेवढ्या काळात कोणाची तक्रार येत नाही आणि पान स्वच्छ दिसत राहते. सध्या चालू असलेल्या लिलावांत मोठ्या किमतीच्या वस्तू भराभर लागलेल्या असतील, मुदत लांब असेल आणि अलीकडचा एकही अभिप्राय नसेल, तर तिथली स्वच्छता ही केवळ उशिराची आहे असे समजावे.

३. बोली

आपली कमाल रक्कम आधी ठरवून शेवटच्या काही मिनिटांत एकदाच टाकावी, आणि बोलींच्या नोंदीत एखादे नवे खाते याच विक्रेत्याच्या लिलावांत वारंवार किंमत चढवून स्वतः मात्र कधीच जिंकत नसेल, तर भाव फुगवायला त्याचाच माणूस बसला आहे असे मानून बाहेर पडावे.

४. पैसे साइटवरच द्या

लिलाव हरल्यावर ‘पहिल्या ग्राहकाने माघार घेतली, वस्तू तुम्हाला त्याच किमतीत देतो’ असा ईमेल येतो. असा प्रस्ताव खराही असू शकतो, पण खरा असेल तर तो साइटवरच्या तुमच्या संदेशपेटीतही दिसतो. ईमेलमधल्या दुव्यावर न जाता साइटचा पत्ता स्वतः टाइप करून आत शिरावे आणि तिथे प्रस्ताव नसेल तर विषय संपला. विक्रेत्याने सुचवलेली ‘तटस्थ’ कंपनी, जी म्हणे वस्तू मिळेपर्यंत पैसे सांभाळून ठेवते, तीही पुष्कळदा त्याचीच उभी केलेली बनावट वेबसाइट असते. पेपाल या पैसे पाठवण्याच्या सेवेत मित्र व कुटुंबीयांसाठी असलेल्या पर्यायातून पैसे पाठवले तर खरेदीचे संरक्षण मिळत नाही. वस्तू व सेवांच्या पर्यायातून दिले तर वाद मांडायला १८० दिवस मिळतात. थोडी सूट देऊन पहिला पर्याय वापरायला लावणारा विक्रेता नेमके हे संरक्षणच तुमच्याकडून विकत घेत असतो. थेट बँक हस्तांतरण, गिफ्ट कार्डांचे क्रमांक आणि क्रिप्टो चलन यांना माझ्याकडे सरसकट नकार आहे.

५. पार्सल आल्यावर

पार्सल उघडण्यापूर्वी त्याचे वजन करावे, आणि लेबलपासून वस्तूच्या अनुक्रमांकापर्यंत सगळे एकाच अखंड व्हिडिओत टिपावे. त्यानंतर चाचणी त्याच दिवशी करावी. ‘रविवारी निवांत पाहू’ म्हणणाऱ्यांची तक्रारीची मुदत कपाटातच संपते.

मोबाइलवर *#०६# दाबून येणारा १५ अंकी आयएमईआय, म्हणजे फोनचा ओळख क्रमांक, सेटिंग्जमधल्या आणि खोक्यावरच्या क्रमांकाशी ताडून पाहावा. मग फोन संपूर्ण रीसेट करून पुन्हा सुरू करावा. २०१३च्या आयओएस ७पासून आयफोनमध्ये आणि २०१५च्या अँड्रॉइड ५.१पासून अनेक अँड्रॉइड फोनांत, जुन्या मालकाचे खाते काढलेले नसेल तर फोन त्याचाच पासवर्ड मागतो. पासवर्ड विचारला गेला आणि विक्रेता फोन आपल्या खात्यातून लगेच काढू शकला नाही, तर फोन चोरीचा असण्याची शक्यता धरून तो परत करावा.

मेमरी कार्ड, पेन ड्राइव्ह आणि छोट्या एसएसडी (चिपवर माहिती साठवणाऱ्या डिस्क) यांच्यात खोटी क्षमता ही सर्वांत जुनी आणि आजही जोरात चालणारी लबाडी आहे. माझ्याकडे आलेल्या एका कार्डावर मी चाळीस छायाचित्रे टाकली. सगळ्यांची नावे दिसत होती, आकारही बरोबर होते; पण अकराव्यापासून पुढे प्रत्येक चित्राची वरची एक पट्टी तेवढी उमटे आणि खाली सगळे राखाडी. आतल्या नियंत्रक चिपला खोटा आकडा सांगायला शिकवलेले असते आणि संगणक त्यावर विश्वास ठेवतो. खरी जागा संपली की पुढची माहिती जुन्या माहितीवर लिहिली जाते किंवा सरळ नाहीशी होते. फॉरमॅट करून हे कळत नाही, प्रॉपर्टीजमध्ये पाहूनही कळत नाही. विंडोजवर एचटूटेस्टडब्ल्यू (H2testw), लिनक्स किंवा मॅकवर एफथ्री (F3) हा चाचणीचा प्रोग्रॅम वापरून संपूर्ण जागा भरावी आणि परत वाचून घ्यावी, मग त्याला रात्रभर लागली तरी चालेल. बोटाएवढ्या डबीत १६ टेराबाइट देऊ करणारी कवडीमोलाची एसएसडी तर चाचणीपुरतीही घेऊ नये. अशा डबीत पुष्कळदा यूएसबीच्या पट्टीवर एक साधे मेमरी कार्ड खोचलेले असते.

ग्राफिक्स कार्डांच्या बाबतीत जुन्या कार्डाचा बायोस, म्हणजे त्याच्या आतला मूळ प्रोग्रॅम, बदलून ते नवे असल्याचे भासवले जाते. एनव्हिडियाच्या जीटीएक्स ५५० टीआयला १०५० टीआय म्हणून विकण्याचे प्रकार झाले आहेत, आणि जीपीयू-झेड हा प्रोग्रॅम २०१८पासून अशी बनावट कार्डे ओळखून दाखवतो. हार्ड डिस्क स्वतःविषयी जी ‘स्मार्ट’ (SMART) नावाची नोंद ठेवते, तिच्यात ती किती तास चालली ते दिसते, पण हा आकडा पुसता येतो. २०२५च्या आरंभी सीगेटच्या वापरलेल्या डिस्क असा आकडा शून्यावर आणून नव्या म्हणून विकल्या गेल्याचे उघड झाले, आणि ते सापडले डिस्कमधल्या फार्म (FARM) नावाच्या वेगळ्या नोंदीमुळे. सीगेटची डिस्क घेतलीत तर स्मार्टमॉनटूल्स या प्रोग्रॅममधून ही नोंदही वाचावी.

६. तक्रार

खोट निघाली की साइटवरच तक्रार नोंदवावी आणि कारण म्हणून ‘वस्तू वर्णनाप्रमाणे नाही’ हेच निवडावे. ‘विचार बदलला’ निवडले तर परतीचा खर्च आणि विक्रेत्याच्या अटी तुमच्या गळ्यात पडतात. ईबेच्या हमीखाली सर्वसाधारणपणे, वस्तू पोहोचण्याच्या अपेक्षित किंवा प्रत्यक्ष तारखेपासून ३० दिवसांत हे करावे लागते. या काळात विक्रेता अतिशय गोड बोलतो. ‘दुसरी वस्तू आजच पाठवली आहे, तेवढी तक्रार मागे घ्या’, ‘घरात आजारपण आहे, आठवडाभर थांबा’, असे संदेश येतात. त्यांना साइटच्या संदेशपेटीतूनच सभ्यपणे उत्तर द्यावे, पण पैसे खात्यात जमा होईपर्यंत तक्रार बंद करू नये, कारण बंद केलेली तक्रार त्याच व्यवहारासाठी पुन्हा उघडता येत नाही असा नियम अशा ठिकाणी सहसा असतो. अर्धी रक्कम घेऊन वस्तू ठेवून घेण्याचा प्रस्ताव मी फक्त तेव्हाच मान्य करते, जेव्हा खोट काय आहे ते मला नेमके कळलेले असते आणि दुरुस्तीचा खर्च माहीत असतो. परत पाठवताना अनुक्रमांक दिसेल असे छायाचित्र काढावे, बंद केलेल्या पार्सलचे वजन टिपावे आणि साइटने दिलेले लेबल लावूनच ते पाठवावे. विक्रेत्याने मागाहून कळवलेल्या ‘नव्या पत्त्यावर’ पाठवलेली वस्तू परत केली असे साइट धरत नाही.