माळा असलेल्या घरात दोघांच्या आवडी बसवण्याआधी

आधी बल्ब. सोफा, रंग, पडदे, कोणाचं कपाट राहणार आणि कोणाचं जाणार, हे सगळं नंतर. खाली डबल हाइटचा हॉल आणि वर कठड्यामागे उघडा माळा असं घर असेल, तर वरचा आणि खालचा उजेड एकाच वेळी डोळ्यांत येतो. खाली पिवळा आणि वर पांढराफेक असला की एका घराची दोन घरं दिसतात, आणि भांडण मात्र सागवानी दिवाणावरून नाहीतर पांढऱ्या मॉड्युलर कपाटावरून होतं. बिचाऱ्या दिवाणाचा काही दोष नसतो.

नव्या फ्लॅटमध्ये इलेक्ट्रिशियन सहसा जे बल्ब लावून जातो ते कूल डेलाइट, म्हणजे ६५०० केल्विनचे असतात. केल्विन हे उजेडाच्या रंगाचं माप: आकडा कमी तितका पिवळा, जास्त तितका पांढराफेक. या उजेडात सागवान राखाडी आणि मेलेलं दिसतं, पितळ हिरवट मारतं, गेरूवरचं वारली चित्र मातकट होतं. उलट २७०० केल्विनला, म्हणजे जुन्या तारेच्या बल्बच्या रंगाला, पांढरं लॅमिनेट आणि फिका राखाडी सोफा मळल्यासारखे दिसतात. दोघांपैकी एकाला लाकूड-पितळ आणि दुसऱ्याला पांढरं-राखाडी-काळं, ही नेहमीची जोडी. तिच्यासाठी बसण्या-झोपण्याच्या जागेत ३००० केल्विन आणि ओट्यावर व अभ्यासाच्या टेबलावर ४००० केल्विन, एवढे दोनच रंग घरात येऊ द्या. डब्यावर आकडा छापलेला असतो. नुसतं ‘वॉर्म’ लिहिलेलं घेऊ नका. सीआरआयचा, म्हणजे त्या उजेडात रंग किती खरे दिसतात त्याचा, आकडाही बघा. ८० चालतो, पण लाल रंग त्यात मार खातो. पैठणीच्या पदराची फ्रेम, लाल गालिचा किंवा विटांची भिंत असेल तर ९० चाच घ्या, महाग पडला तरी.

ठरवायचं कसं, तर ९ वॉटचे तीन बल्ब आणा: २७००, ३००० आणि ४००० केल्विन. साधे दोन होल्डर आणि लांब वायर घ्या. संध्याकाळी सातनंतर दोघांच्या दोन-दोन आवडत्या वस्तू एकाच भिंतीशी ठेवा आणि एकेक बल्ब लावून बघा. मग वर माळ्यावर एक आणि खाली एक लावून सोफ्यावरून वर बघा, कठड्यावरून खाली बघा. दुपारी बघून ठरवू नका, दुपारी सगळंच छान दिसतं.

आता याद्या. दोघांनी वेगवेगळ्या बसून करायच्या, एकमेकांच्या खांद्यावरून डोकावून नव्हे. तीन रकाने: हे राहणारच, हे गेलं तरी चालेल, हे डोळ्यांसमोर नको. ‘राहणारच’मध्ये प्रत्येकी पाचपेक्षा जास्त वस्तू नकोत, आणि दुसऱ्याच्या यादीतल्या दोनच वस्तूंना नकार देता येईल, कारण विचारायचं नाही. मग जमीन, भिंती, छत, कठडा, जिना आणि उजेड हे सामाईक खातं. त्यावर कोणाचीही ‘स्टाइल’ लावू नका, साधं ठेवा. आवड दाखवायची ती हलवता येणाऱ्या वस्तूंतून. ‘खाली तुझं, वर माझं’ ही वाटणी बंद खोल्यांच्या घरात चालते. उघड्या माळ्याला ती घातक, कारण हॉलमध्ये बसलेल्या पाहुण्याला वरचं अर्धं कपाट आणि खालचा दिवाण एका चौकटीत दिसतो. त्यापेक्षा दोघांचाही प्रत्येक धागा किमान तीन ठिकाणी दिसू द्या, त्यातलं एक वर आणि एक खाली. हॉलमध्ये पितळी समई असेल तर वर पितळी मुठींचं कपाट. खाली काळ्या लोखंडी पायांचं टेबल असेल तर कठड्याचे गजही काळे. लाकडाचा रंग एकच, धातूचे रंग फार तर दोन. स्टील, पितळ, सोनेरी, काळा आणि रोझ गोल्ड असं सगळं एकत्र आलं तर ते दुकान दिसतं.

लाकडाचे रंग जुळवतानाही तोच बल्ब. सुताराने व्हिनियरचा (प्लायवर चिकटवायच्या लाकडाच्या पातळ थराचा) तुकडा दाखवला की गॅलरीत नेऊन बघू नका, ठरवलेल्या बल्बखाली बघा. दुकानातल्या उजेडाला तर अजिबात भुलू नका. पुढे दहा ठिकाणी हेच सांगायचं आहे, कंटाळा आला तर येऊ द्या.

मापं घ्या हे कोणीही सांगेल: दार, लिफ्ट, जिना. माळ्याच्या घरात जिना गोल असेल तर पाच फूट व्यासाच्या जिन्यातही मधला खांब आणि कठडा जाऊन पायाखाली सव्वादोन फूटच उरतात. त्यातून फोमची गादी वाकवून जाते, स्प्रिंगची जात नाही. आजोबांचं सागवानी कपाट तर नाहीच. म्हणून मोठं सामान कठडा बसवण्याआधी वर चढवा, दोरीने, माणसं लावून. कठड्याला टफन काच लागली की मग काच काढायची, सामान चढवायचं आणि परत बसवायची, हा खर्च निव्वळ आळसाचा. आठ बाय चारची प्लाय बहुतेक लिफ्टमध्ये मावत नाही. मजुरी मजल्याप्रमाणे वाढते, आधी बोलून घ्या.

वजनाचं मात्र हसण्यावारी नेऊ नका. राहत्या घराच्या स्लॅबसाठी भारतीय मानकात चौरस मीटरला साधारण २०० किलो वापरातलं वजन धरतात. पुस्तकं फुटाला आठ ते दहा किलो भरतात. तीन फूट रुंद, सहा फळ्यांचं भरलेलं कपाट म्हणजे अठरा फूट पुस्तकं, दीडशे ते पावणेदोनशे किलो, शिवाय कपाट वेगळं, आणि हे सगळं तीन चौरस फुटांवर. पुस्तकं वर हवीत हा हट्ट असेल तर कपाट भिंतीलगत, बीमच्या रेषेत ठेवा, माळ्याच्या मध्ये नको. माळा मागाहून लोखंडी चॅनल आणि वर प्लाय टाकून केलेला असेल, तर स्ट्रक्चरल इंजिनिअरने बघितल्याशिवाय वर पुस्तकं, दगडी टेबल किंवा मोठी टाकी नकोच. नवा माळा टाकायचा किंवा असलेला वाढवायचा असेल तर सोसायटीची एनओसी आणि महापालिकेची परवानगी. सिडकोच्या जमिनीवरची घरं बऱ्याचदा भाडेपट्ट्याची असतात, तिथे कागद आणखी वाढतात. सजावटीच्या नावाखाली भिंत पाडणारा ठेकेदार भेटला तर त्याला चहा देऊन परत पाठवा.

कठड्याचे गज उभे, मधलं अंतर चार इंचांपेक्षा कमी. आडवे गज फोटोत झकास दिसतात आणि मुलांना शिडी म्हणून लागतात. हॉलचा पंखा लांब रॉडवर खाली आणला की त्याची पाती कधीकधी बरोबर माळ्याच्या कठड्यासमोर येतात. कठड्यावरून हात लांब करून पातं गाठता येणार नाही एवढं अंतर ठेवा. माळ्याची उंची सात फुटांच्या आसपास असेल तर तिथे छताचा पंखा लावूच नका, भिंतीवरचा लावा. आणि पात्यांच्या वर छतात दिवा आला तर पंखा फिरताना खोलीभर सावल्या लपलपतात, म्हणून दिवे पात्यांच्या घेऱ्याबाहेर.

वायरिंग. जिन्याच्या वर आणि खाली टू-वे स्विच, बाकी पॉइंट नेहमीचे. डिमर हवा असेल तर डिमेबल एलईडीच घ्या, नाहीतर लुकलुकतो. गणपती कुठे बसणार ते आत्ताच ठरवा, तिथे चार बाय तीन फूट मोकळी जागा आणि दोन सॉकेट ठेवा. देवघराच्या जागेवरून दोघांचं एकमत झालं तरी घरातल्या मोठ्यांना आधी विचारा, फर्निचर झाल्यावर नव्हे. मोठी माणसं जिना चढणार नाहीत हे गृहीत धरून खाली एक पलंग आणि एक पंखा ठेवा.

आणि आता ज्या जागी सगळी मेहनत वाया जाते ती जागा. तुम्ही बल्ब ३००० चे ठरवलेत, पण घरात उजेड फक्त बल्बचा नसतो. पीओपीवाला स्वतःची एलईडी पट्टी घेऊन येतो, तिच्या रिळावर कुठलाही आकडा नसतो. चिमणीत दिवा असतो. मॉड्युलर किचनच्या वरच्या कपाटाखाली पट्टी असते. बाथरूमच्या आरशाला, टीव्ही युनिटला, पंख्याला आणि देवघराला दिवा असतो. हे सगळे वस्तूंबरोबर फुकट येतात आणि बहुतेक सगळे पांढरेफेक. टीव्ही युनिटच्या मागची निळसर पट्टी लागली की समोरचा सागवानी दिवाण पुन्हा राखाडी झाला म्हणून समजा. प्रत्येक ठेकेदाराला ऑर्डर देतानाच कागदावर लिहून द्या: ‘दिव्याचा रंग ३००० केल्विन (ओट्यावर ४०००), पट्टी आम्ही देणार.’ तोंडी सांगितलेलं कोणी ऐकत नाही. पट्टी एकाच रिळातून कापा, वर दुधी झाकणाचं प्रोफाइल लावा, म्हणजे ठिपके दिसत नाहीत. सगळे बल्ब एका कंपनीचे, एका मालिकेतले, एकदम घ्या. दोन कंपन्यांचे ३००० शेजारी लावले तर भिंतीवर फरक कळतो. वर दहा टक्के जास्तीचे घ्या. सोळा फुटांवरचा बल्ब गेला की शिडी आणि माणूस बोलवावा लागतो, आणि तो माणूस येताना खिशात ६५०० चा बल्ब घेऊन येतो. जास्तीच्या डब्यावर जागा लिहून ठेवा.

रंग. सॅम्पलची डबी आणा, पण भिंतीवर फासू नका. दोन बाय दोनच्या प्लायच्या तुकड्यावर दोन हात द्या आणि तो तुकडा खाली-वर फिरवा. सकाळी, चार वाजता आणि रात्री त्या बल्बखाली बघा. खाडीकडच्या भिंतीला, नवी मुंबईतलं ऐरोली असो की ठाण्यातलं कोलशेत, पावसात ओल येते. भिंत सुकल्याशिवाय पुट्टी नको, जुलैमध्ये तर नकोच. पॉलिशचंही तसंच, दमट हवेत मेलामाइन पॉलिश पांढरं पडतं आणि मग सुतार हवामानाला दोष देतो, तो बरोबरच असतो. उंच भिंतीला परांची बांधली असेल तेव्हाच वरचे दिवे, पडद्याच्या दांड्या, एसीचा पाइप आणि खिडकीच्या वरची जाळी उरकून घ्या. परांची दुसऱ्यांदा बांधायला कोणी फुकट येत नाही.

सुतारकाम: ओलीजवळ आयएस ७१० ची (मरीन) प्लाय, बाकी ठिकाणी आयएस ३०३ ची बीडब्ल्यूआर, म्हणजे उकळत्या पाण्याला टिकणारी प्लाय चालते. एमडीएफ, म्हणजे लाकडाच्या भुशाचा दाबलेला बोर्ड, फक्त कोरड्या भिंतीला. गावाहून किंवा उल्हासनगरच्या बाजारातून जुनं लाकूड आणलं तर खाली पांढरी भुकटी पडते का बघा. पडत असेल तर भुंगा आहे, पेस्ट कंट्रोल होईपर्यंत ते घराबाहेरच राहू दे.

पडदे शेवटी. सोळा फूट उंच, सहा फूट रुंद खिडकीला दुप्पट चुण्या धरल्या तर ४८ इंच पन्ह्याचे तीन पट्टे लागतात, प्रत्येकी शिलाईसकट सतरा फूट, म्हणजे जवळपास सोळा मीटर कापड. तेवढं कापड धुवायला घरच्या मशीनमध्ये जात नाही. वरच्या आठ फुटांना ब्लाइंड, खाली पडदा, हा मार्ग स्वस्त आणि शहाणा. कापडाचा नमुना कुठे बघायचा हे आता सांगायला नको.

एसी: गरम हवा वर साठते आणि वर सोडलेली थंडी कठड्यातून खाली ओघळते. माळ्यावर झोपायचं असेल तर कठड्याला सरकती काच नाहीतर जाड पडदा, नाहीतर बिल तेवढं येईल.

सामान हलवताना: वरचं आधी, खालचं नंतर. खोकी माणसाप्रमाणे नव्हे, जागेप्रमाणे. पहिल्या रात्री सगळे दिवे एकदम लावा आणि घरभर फिरा. वेगळा दिसणारा प्रत्येक दिवा त्याच आठवड्यात बदला, नंतर डोळ्यांना सवय होते. भिंतीवरच्या फ्रेम महिनाभर जमिनीवर टेकवून ठेवा, खिळे मग.

डेब्रिज गोण्यांत भरून सोसायटी सांगेल तिथेच टाका, लिफ्टमधले पॅडिंगचे फोटो आधी आणि नंतर काढा, आणि कामाचं डिपॉझिट मागताना पावती सोबत ठेवा.